लिव्हरपूलच्या बाजारांतील उंबरावती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिव्हरपूलच्या कापूसबाजारांतील कोणाहि दलालास 'ऊमरा' या शब्दाचा अर्थ विचारला असता, तर त्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां तो सांगितला असता. मुंबई बंदरांतून येणाऱ्या, आंखूड धाग्याच्या हिंदुस्थानी कापसाचा एक प्रकार. त्याच्या अमुक अमुक प्रती. आणि आजचा भाव रत्तलास अमुक पेन्स. हा शब्द त्याच्या तोंडीं दिवसांतून दहा वेळां येई. भावपत्रकांत तो छापला जाई, तारांतून तो समुद्रापार जाई, आणि त्याच्यापुढें लिहिलेला आंकडा थोडा खालीं सरकला कीं वऱ्हाडांतील हजारों घरांच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोंचे. आज हा शब्द मृत झाला आहे. इंग्रजी ही ज्यांची मायबोली, अशा सुशिक्षितांसहि तो कोश उघडल्यावांचून उमगावयाचा नाहीं. आणि नवल हें कीं, ज्या शहराच्या नांवावरून तो निघाला त्या अमरावतींतहि हा आपल्याच गांवचा शब्द आहे हें ओळखणारीं माणसें थोडींच सांपडतील.

असा एखादा जुना शब्द हातीं घेऊन त्याचें कुळ शोधणें हा केवळ रिकामपणचा विरंगुळा नव्हे. शब्द हे इतिहासाचे साक्षीदार असतात, आणि राजेरजवाड्यांच्या बखरींत ज्यांस जागा मिळाली नाहीं अशा माणसांची हकीकत पुष्कळदां एखाद्या शब्दांतच शिल्लक राहिलेली असते.

इंग्रजी भाषेंत हिंदुस्थानी शब्द शिरले ते मुख्यतः तीन वाटांनीं. एक वाट कचेरीची, दुसरी छावणीची आणि तिसरी बाजाराची. या तीनहि वाटांनीं आलेल्या शब्दांची मोजदाद हेन्री यूल व आर्थर बर्नेल या दोन पंडितांनीं केली आणि त्यांचा तो प्रचंड कोश १८८६ सालीं प्रसिद्ध झाला. बर्नेल बिचारा त्यापूर्वींच, १८८२ सालीं, निवर्तला होता. कोशाचें नांव 'हॉब्सन-जॉब्सन'. हें नांव ऐकून ही कोणा दोन गृहस्थांची जोडी असावी असें वाटतें. परंतु तसें मुळींच नाहीं. मोहरमच्या मिरवणुकींत 'या हसन, या हुसेन' असा जो आक्रोश चाले, त्याचें गोऱ्या शिपायांच्या कानीं जें रूप उमटलें तेंच हें हॉब्सन-जॉब्सन! परकी शब्द आपल्या जिभेवर आणतांना माणूस त्यास आपल्या ओळखीच्या नांवांचे कपडे कसे चढवितो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

आतां 'ऊमरा' कडे वळावयाचें. अमरावतीच्या नांवाविषयीं लोकांत दोन मतें आहेत. इंद्राची नगरी ती अमरावती, तिच्यावरून हें नांव, असें एक मत. दुसरें मत असें कीं, या भागांत उंबराचीं झाडें विपुल असल्यामुळें गांवास प्रथम उदुंबरावती म्हणत. त्याचें उंबरावती झालें, पुढें उमरावती झालें आणि शेवटीं संस्कृताचा साज चढून अमरावती झालें. ज्यांच्या नांवांत उंबर ऐकूं येतो अशीं उंबर्डा, उमरी यांसारखीं गांवें वऱ्हाडांत आहेतच. तेव्हां हें दुसरें मत लोकांच्या मनास पटावें यांत नवल नाहीं.

या वादांत इंग्रजांचें जुनें लेखन मोठें उपयोगी पडतें. कंपनी सरकारच्या काळांत हिंदुस्थानी नांवें इंग्रजींत लिहिण्याची रीत आजच्याहून निराळी होती. 'उ' या स्वराकरितां ते दोन 'ओ' एकापुढें एक लिहीत आणि 'अ' करितां 'यू' हें अक्षर वापरीत. पुण्याचें 'पूना' झालें आणि पंजाबांत 'यू' शिरला तो याच रीतीनें. याच रीतीनें त्यांनीं अमरावतीचें नांव 'ऊमरावुट्टी' असें लिहिलें. आजच्या विद्यार्थ्यास हें लेखन हास्यास्पद वाटेल. परंतु नीट पाहिलें तर त्यांत आरंभीं 'अ' नाहीं, 'उ' आहे. म्हणजे इंग्रज कारकुनाच्या कानीं जें पडलें तें 'अमरावती' नव्हे, 'उमरावती'. त्यास ना इंद्राची नगरी ठाऊक, ना उंबराचें झाड. त्यानें फक्त ऐकलें आणि उतरून घेतलें. आपण ज्यास अपभ्रंश म्हणून हंसतों त्याच लेखनानें लोकांच्या तोंडचा जुना उच्चार जपून ठेविला आहे. पुढें १८७० नंतर सरकारनें स्थळनामांच्या लेखनास नवें वळण लावलें आणि दप्तरांत 'अमरावती' आलें, तेंहि 'अम्राओती' अशा रूपांत. परंतु तोंपर्यंत व्यापाऱ्यांनीं 'ऊमरावुट्टी' या लांबलचक नांवाची शेपटी कापून 'ऊमरा' हा सुटसुटीत शब्द केला होता, आणि सरकारी फर्मानानें बाजारची बोली कांहीं बदलत नाहीं.

येथें एक सावधगिरी सुचविली पाहिजे. जुन्या इंग्रजी ग्रंथांतून 'ओमरा' असाहि एक शब्द आढळतो. सतराव्या शतकांतील प्रवासवर्णनांत तो पदोपदीं येतो आणि ड्रायडन या कवीनें औरंगजेबावर जें नाटक १६७५ सालीं रंगभूमीवर आणलें त्यांतहि तो आहे. परंतु त्याचा अमरावतीशीं कांहीं संबंध नाहीं. 'अमीर' या अरबी शब्दाचें अनेकवचन 'उमरा'. मोंगल दरबारांतील सरदार असा त्याचा अर्थ, आणि मराठींतील 'अमीर-उमराव' हा त्याचाच भाऊबंद. एक शब्द दरबारचा, दुसरा बाजारचा. एक जरतारी, दुसरा सुती. आवाज जुळला म्हणून शब्दांची सोयरीक जुळवूं नये, हा धडा या दोन शब्दांवरून चांगला शिकतां येतो.

वऱ्हाडांतील नांवांस इंग्रजींत असें नवें रूप मिळालें ती ही एकच वेळ नव्हे. 'वऱ्हाड' हेंच नांव घ्या. ऐन-इ-अकबरींत या सुभ्याचें मूळ नांव 'वरदा-तट', म्हणजे वर्धा नदीचा कांठ, असें सांगितलें आहे. लोक मात्र रुक्मिणीच्या लग्नाचें वऱ्हाड कौंडिण्यपुरास आलें त्यावरून देशास हें नांव पडलें असें मानतात. फारसी लेखकांनीं त्याचें 'बरार' केलें आणि इंग्रजांनीं तें 'बेरार' म्हणून उचललें. १८०३ सालच्या नोव्हेंबरांत अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें भोसल्यांची फौज हरली आणि डिसेंबरांत गाविलगड पडला. सेनापति वेलस्ली हा पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. या मोहिमांतील शिपायांकरितां १८५१ सालीं जें पदक मंजूर झालें त्याच्या पट्टीवर अडगांवचें नांव 'अरगाम' असें कोरलेलें आहे. 'ड' चा 'र' झाला, कारण आपला मूर्धन्य 'ड' इंग्रजी कानास 'र' सारखाच लागतो. शेवटचा 'म' ही तर 'गांव' मधील अनुस्वाराची आठवण. हे झाले छावणीच्या वाटेनें गेलेले शब्द. ते पदकांवर व थडग्यांवर गोठून राहिले. 'ऊमरा' मात्र बाजाराच्या वाटेनें गेला, म्हणून तो चालता बोलता राहिला.

तो बाजार कसा वाढला हें पाहण्यासारखें आहे. आगगाडी येण्यापूर्वीं अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकांठच्या मिर्झापुरास जाई; हा पल्ला ५०० मैलांहून अधिक. तेथून तो नावांनीं कलकत्त्यास पोंचे. १८४२ सालीं अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें या मार्गानें १ लक्ष बैलांचें ओझें कापूस पाठविला, अशी गॅझेटियरांत नोंद आहे. मुंबईच्या दिशेनें पहिला मोठा माल गेला तो १८२५-२६ च्या सुमारास. हैदराबादचे विकाजी व पेस्तनजी या पारशी सावकारांनीं तो पाठविला. वाट डोंगराची, नद्यांना पूल नाहींत, पावसाळ्यांत सारेंच बंद. रात्रीं तळ पडला कीं गोणी उतरावयाच्या, सकाळीं पुन्हा लादावयाच्या. अशा प्रवासांत कापसांत धूळ शिरे, दंव शिरे, पाला शिरे. आणि वजन वाढविण्यासाठीं कोणी मुद्दाम रेती व सरकी मिसळली तर तीहि त्यांतच शिरे.

१८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें. निजामाकडील फौजेच्या खर्चाची थकबाकी हें त्याचें निमित्त. परंतु मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस ज्या काळ्या भुईंत पिकतो ती भुई हातीं आली, ही गोष्ट कोणाच्या नजरेंतून सुटली नाहीं. पुढें जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग वऱ्हाडांतून पार होऊन १८६७ सालीं नागपुरास पोंचला. अमरावती मुख्य मार्गावर नव्हती, म्हणून बडनेऱ्याहून तिच्याकरितां ६ मैलांचा फांटा काढावा लागला. खामगांवचा फांटा १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडण्यांत आला. व्हाइसरॉयसारख्या पुरुषानें जलंबहून खामगांवास जाणाऱ्या लहानशा फांट्याकरितां तेथवर यावें, यावरूनच वऱ्हाडी कापसाचें वजन त्या काळीं किती होतें हें कळून येईल. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झालाच होता. १८७० सालींच मुंबईपर्यंत समुद्रांतून तार आली. आणि लिव्हरपुलास सकाळीं ठरलेला 'ऊमरा' चा भाव वऱ्हाडांतील अडत्याच्या कानीं फार उशीर न होतां पडूं लागला.

कापसास नांव देण्याची इंग्रज व्यापाऱ्यांची रीत मोठी सूचक होती. तो कोणत्या शेतांत पिकला हें ते पाहत नसत. तो कोणत्या बाजारांत अगर बंदरांत आपल्या हातीं पडला हें पाहत. धारवाडकडील कापूस कुमठ्याच्या बंदरांतून चढे म्हणून त्यास 'कॉम्प्टा' म्हणत. काठेवाडचा तो 'धोलेरा', भडोचचा तो 'ब्रोच', हिंगणघाटचा तो 'हिंगनघाट'. त्याच न्यायानें अमरावतीच्या बाजाराचें नांव साऱ्या वऱ्हाडी कापसास पडलें. पुढें अकोल्याचा, खामगांवचा, इतकेंच नव्हे तर खानदेशचा आणि बार्शी-नगरकडचा कापूसहि 'ऊमरा' याच सदराखालीं मोडूं लागला. ज्या कापसानें अमरावतीचें तोंडहि कधीं पाहिलें नाहीं तो अमरावतीचा म्हणून विलायतेस विकला जाऊं लागला. नांव बाजाराचें, घाम शेतकऱ्याचा, अशी ती वांटणी होती.

या सर्व जातींचें मिळून जें एक नांव लिव्हरपुलांत रूढ झालें तें 'सुरत'. हिंदुस्थानांतून आलेला कोणताहि कापूस तो 'सुरत', मग तो तापीकांठीं पिकलेला असो वा पयोष्णीकांठीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची सारी भिस्त या 'सुरते'वर येऊन पडली. भाव चौपटीहून अधिक चढले. परंतु तेथील यंत्रें लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाकरितां बेतलेलीं होतीं. त्यांवर आमचा आंखूड धागा घडोघडी तुटे. मजुरी कामाच्या मापानें मिळत असल्यामुळें जितका धागा तुटे तितकी मजुराची भाकरी तुटे. मग 'सुरत' हा शब्द त्यांस शिवीसारखा झाला. 'देवा, आम्हांस कापूस दे, पण सुरत नको', अशी प्रार्थना एका मजुरानें केल्याची गोष्ट लँकेशायरांत सांगत असत. पुढें तर कोणत्याहि भेसळीच्या, हलक्या मालास 'सुरत' म्हणूं लागले. १८६३ सालीं एका बीअर गाळणाऱ्यास कोणीसें 'सुरत' बीअरवाला म्हटलें, तेव्हां आपली अब्रू गेली म्हणून त्यानें न्यायालयाची पायरी चढली! एके काळीं ज्या बंदराच्या वैभवाच्या कथा युरोपभर सांगितल्या जात त्याचें नांव अशा रीतीनें शिवींत जमा झालें.

त्याच १८६३ सालीं मुंबई सरकारनें कापसांतील लबाडीस आळा घालण्याकरितां कायदा केला. लबाडी होत नव्हती असें नाहीं. परंतु तिचा दोष सरसकट शेतकऱ्याच्या माथीं मारला गेला हें न्यायाचें झालें नाहीं. पीक उभें असतांनाच सावकाराकडून उचल घेतलेला शेतकरी वेंचणी होतांच कापूस त्याच्या स्वाधीन करी. त्यानंतर तो माल किती हातांतून जाई आणि प्रत्येक हात त्यांत काय घाली, हें त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. 'सुरत' या शब्दानें मात्र शेत, सावकार, अडत्या आणि निर्यातदार यांत कांहींच भेद ठेविला नाहीं. शब्द हा कधीं कधीं असा आंधळा न्यायाधीश होतो.

तेजीच्या त्या चार वर्षांत वऱ्हाडांत पैसा पाण्यासारखा आला. कुणब्यानें गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, अशा आख्यायिका त्या काळच्या सांगतात. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण वऱ्हाडास शोभली ती अशाच दिवसांत. परंतु कुऱ्हाडीचा घाव कोठें बसेल याचा नेम नसतो. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध थांबलें आणि भाव कोसळले. उसनी आलेली श्रीमंती गेली. कर्ज मात्र राहिलें. तरीहि कापसाखालील जमीन कमी झाली नाहीं, कारण सारा रोख भरावयाचा आणि रोकड देणारें पीक हेंच.

पुढच्या काळांत आणखी एक बदल घडला, आणि त्याचा छाप 'ऊमरा' या शब्दावर कायमचा उमटला. वऱ्हाडाची व हिंगणघाटची जुनी 'बनी' ही कपाशी मऊ आणि त्या मानानें लांब धाग्याची म्हणून नांवाजलेली होती. परंतु तिचा उतारा कमी. सरकी काढल्यावर रुई थोडी हातीं येई. जाड धाग्याची 'जडी' जात काटक, लवकर पिकणारी आणि अधिक रुई देणारी. व्यापारी दोघांस जवळ जवळ सारखाच भाव देऊं लागल्यावर शेतकऱ्यानें बनी कां लावावी? हळू हळू बनी मागें पडली आणि जडी पसरली. एके काळीं जो शब्द चांगल्या मालाची खूण होता तोच आंखूड व जाड मालाची खूण होऊन बसला. शब्दाची प्रत मालाच्या प्रतीबरोबर उतरली.

प्रत उतरली तरी पेरा वाढतच राहिला, आणि त्यानें ज्वारीची जागा खाल्ली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनीं वऱ्हाडास गांठलें, तेव्हां बाजारांत धान्य महाग आणि घरांत कणगी रिकामी अशी स्थिति झाली. १८९१ च्या खानेसुमारींत सुमारें २९ लक्ष असलेली वऱ्हाडची वस्ती १९०१ सालीं साडेसत्तावीस लक्षांवर आली. त्या दोन दुष्काळांच्या मध्यें, १८९७ च्या डिसेंबरांत, अमरावतीस राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. अध्यक्ष शंकरन् नायर होते आणि स्वागताचा भार दादासाहेब खापर्ड्यांनीं उचलला होता. देशोदेशींच्या वृत्तपत्रांत अमरावतीचें नांव त्या वेळीं छापून आलें. लिव्हरपूलच्या भावपत्रकांत तें त्यापूर्वीं कित्येक वर्षें रोज छापून येतच होतें. परंतु तेथें तें गांवाचें नांव आहे हें वाचणाऱ्यांस बहुधा ठाऊक नसावें.

कापसाच्या गोणीबरोबर शब्दांची देवघेव दोन्ही बाजूंनीं झाली. आपल्याकडे आलेल्या शब्दांत 'जिन' हा मोठा गमतीचा. वऱ्हाडांत गांवोगांवीं 'जिन' आहे. सरकी वेगळी करण्याचा कारखाना एवढाच त्याचा अर्थ आपण जाणतों. परंतु इंग्रजींत तो फार जुना शब्द. 'एंजिन' या शब्दाचें डोकें उडवून तो झाला, आणि त्याचें मूळ लॅटिनमधील 'बुद्धि' या अर्थाच्या शब्दांत आहे. जुन्या इंग्रजींत त्याचे अर्थ युक्ति, सांपळा आणि यंत्र असे तीन होते. त्यांतले पहिले दोन आज लोपले. यंत्राचा अर्थ तेवढा कापसानें जगविला. घरोघरचा रेचा गेला आणि जिन आला, तेव्हां बायाबापड्यांचें घरबसल्या मिळणारें काम गेलें. त्यांना या शब्दाचा जुना 'सांपळा' हा अर्थच अधिक खरा वाटला असता.

आपल्याकडून गेलेल्या शब्दांत 'कँडी' अग्रेसर. इंग्रजींत कँडी म्हटलें कीं आज मुलांस खडीसाखर व गोळ्या आठवतात. ती कँडी 'खंड' म्हणजे साखरेच्या खड्यावरून अरबी-फारसीच्या द्वारें तिकडे पोंचली. परंतु कापसाच्या व्यापारांतील कँडी ही निराळी. ती आपली 'खंडी', पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजांकडे गेलेली. दोहोंचें मूळ 'खंड', म्हणजे तुकडा, हेंच. मुंबईच्या बाजारांत कापसाची खंडी २८ रत्तलांच्या २८ मणांची, म्हणजे ७८४ रत्तलांची, आणि दाबलेली गांठ बरोबर अर्ध्या खंडीची, ३९२ रत्तलांची असे. योगायोग असा कीं, मोल्सवर्थनें आरंभिलेला जो इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं पुरा झाला, तो पुरा करणारे मेजर थॉमस यांचें आडनांवहि कँडीच! त्या आडनांवाचा मात्र ना साखरेशीं संबंध, ना कापसाशीं.

तिसरा शब्द 'ग्रीन'. इंग्लंडांत गांवाच्या मध्यभागीं जें सार्वजनिक हिरवें पटांगण असे त्यास 'ग्रीन' म्हणत. मुंबईच्या किल्ल्यांतहि असें पटांगण होतें आणि तेथें कापसाच्या गांठी रचल्या जात. १८४४ सालीं तो बाजार कुलाब्यास हलला आणि १९२० नंतरच्या काळांत शिवडीस गेला. हिरवळ कोठेंच राहिली नाहीं, तरी नांव गांठींबरोबर हिंडत राहिलें. आज हार्बर मार्गावरील 'कॉटन ग्रीन' या स्थानकावर उतरणाऱ्या शेंकडों लोकांस त्यांत एका जुन्या इंग्रजी खेड्याचें पटांगण दडलें आहे याची कल्पनाहि नसेल. तेथूनच जवळ असलेल्या डोंगरीनेंहि इंग्रजीस एक शब्द दिला आहे. तेथील जाड्याभरड्या कापडावरून 'डंगरी' हा शब्द सतराव्या शतकांतच इंग्रजींत गेला, आणि पुढें तें कापड जाऊन मजुरांच्या पोशाखासच तें नांव राहिलें.

'ऊमरा' स मात्र असें दीर्घायुष्य लाभलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचें मोठें गिऱ्हाईक लिव्हरपूल राहिलें नाहीं, जपान झालें. आंखूड धागा इतर कापसांत मिसळून वापरण्याची कला जपानी गिरण्यांस चांगली साधली होती. १९२१ सालीं मुंबईंत ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली आणि तेथील वायद्यांतहि 'ऊमरा' हें नांव चाले. परंतु १९३३ सालीं जपाननें जकातीच्या वादावरून हिंदी कापसावर बहिष्कार घातला, तेव्हां परक्याच्या मर्जीवर जगणाऱ्या नांवाचें आयुष्य किती पोकळ असतें हें वऱ्हाडानें पुन्हा एकदां अनुभविलें. १९४७ सालीं फाळणी झाली. चांगल्या धाग्याचा कापूस पिकविणारा पुष्कळ मुलूख पाकिस्तानांत गेला आणि देशांतील गिरण्यांकरितां लांब धाग्याचा कापूस येथेंच पिकविणें भाग पडलें. १९७० सालीं जगांतील पहिला संकरित कापूस तयार झाला, आणि तो झाला कोठें? ज्या सुरतेचें नांव लँकेशायरनें शिवींत घातलें त्याच सुरतेच्या संशोधन केंद्रांत. २००२ सालीं बी. टी. कापसास परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत वऱ्हाडच्या शेतांतून देशी जाती जवळ जवळ हद्दपार झाल्या. अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत त्यांवर संशोधन चालतें, तेवढाच त्यांस आधार. गांवांच्या नांवांनीं कापूस ओळखण्याची रीत गेली. जातींच्या आंकड्यांनीं आणि कंपन्यांच्या छापांनीं तो ओळखला जाऊं लागला. अशा रीतीनें 'ऊमरा' या शब्दाचें काम संपलें आणि तो गेला.

'खंडी' मात्र टिकली. रत्तल गेलें, मण गेला, किलोग्रॅम आला; तरी रुईचा भाव देशांत आजहि ३५६ किलोंच्या खंडीवरच बोलला जातो, आणि ते ३५६ किलो म्हणजेच जुने ७८४ रत्तल होत. गांवाचें नांव मेलें आणि माप जगलें, यांतच बाजाराचा स्वभाव दिसून येतो. बाजारास माल कोणाचा याहून तो किती याची आठवण अधिक राहते.

शेवटीं एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या शेतकऱ्याच्या कापसास 'ऊमरा' म्हणत त्यानें हा शब्द जन्मांत उच्चारला नसेल. त्याचे शब्द निराळे होते: पऱ्हाटी, बोंड, वेंचणी, सरकी, रुई. पेरणीपासून वेंचणीपर्यंतचे त्याचे हे सारे शब्द येथेंच राहिले. त्यांतला 'कपास' एवढाच काय तो व्यापाऱ्यांच्या कागदांत शिरला. विलायतेस गेलें तें बाजाराचें नांव. आपल्या मालाचा भाव ज्या शब्दापुढें लिहिला जातो तो शब्दच ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें तो भाव योग्य कीं अयोग्य याची चौकशी तरी कोणापाशीं करावी? शब्द आज बदलले आहेत. परंतु भाव दूर कोठें तरी ठरावा आणि कर्ज मात्र घरांत राहावें ही रीत पुरती बदललेली नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत वऱ्हाडांतून येऊं लागलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता त्याचीच साक्ष देतात.

तरीहि त्या मृत शब्दाचे एक उपकार मानले पाहिजेत. अमरावतीच्या रस्त्यांवर आज उंबर शोधूनहि क्वचित् सांपडेल. गांवाच्या नांवांतूनहि तो केव्हांच गळून पडला आहे. परंतु लिव्हरपूलच्या जुन्या भावपत्रकांत, पेन्सांच्या आंकड्यांशेजारीं, तो अजून उभा आहे. ज्या परक्या कारकुनास त्याची सावली कधीं मिळाली नाहीं, त्यानेंच नकळत तो राखून ठेविला.